अभ्यासक्रमाचा नकाशा आणि रुग्णाची भाषा

वैद्यकीय अभ्यासक्रमाचा 'नकाशा' काढावा, या कल्पनेचे विस्तृत विवेचन डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी २००१ साली केले. काय, केव्हा, कोठे व कशा रीतीने शिकवावयाचे आणि त्याची परीक्षा कशी घ्यावयाची, यांचे परस्परसंबंध शिक्षक व विद्यार्थी या दोघांनाही दिसावेत, हा त्यामागील हेतू. घोषित, प्रत्यक्ष शिकविलेला आणि विद्यार्थ्याने आत्मसात केलेला असे अभ्यासक्रमाचे तीन प्रकार त्यांनी वेगळे केले, हे या विवेचनाचे खरे बळ होय. शरीररचना एका विभागाने शिकवावी, शरीरक्रिया दुसऱ्याने, आणि दोहोंचा मेळ विद्यार्थ्याने आपल्या बुद्धीने घालावा, या जुन्या रीतीतील उणीव त्यामुळे स्पष्ट झाली.

परंतु असा नकाशा अखेर शब्दांचाच बनलेला असतो. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ साली तयार केलेल्या व २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेला क्रमांक आहे आणि तिची पायरीही ठरलेली आहे : जाणतो, कसे ते जाणतो, करून दाखवितो, स्वतंत्रपणे करतो. या पायऱ्यांचे मूळ जॉर्ज मिलर यांच्या १९९० च्या मांडणीत आहे. येथे क्रियापद हेच मापनाचे साधन ठरते. 'वर्णन करणे' आणि 'संवाद साधणे' ही क्रियापदे तक्त्यात शेजारी बसतात. मात्र पहिल्याचा अर्थ कर्माने पुरा होतो, दुसऱ्याला समोरचा माणूस आणि त्याची भाषा लागते.

महाराष्ट्रातील कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात याचा प्रत्यय येतो. विद्यार्थी वेदनेचे प्रकार इंग्रजी नावांनी शिकून आलेला असतो. रुग्ण मात्र ठणका, कळ, चमक, सल, आग असे भेद करतो. गळवाचा ठणका आणि पोटात उठणारी कळ यांतील अंतर निदानाला मोलाचे. दोन्हींस 'दुखणे' म्हणून नोंदले, तर रुग्णाने सांगितलेली अर्धी हकीकत वाया जाते.

नव्या अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला स्थान आहे, हे नाकारता येत नाही. पण एखादी गोष्ट एकदा शिकविली म्हणजे ती पुढील सर्व पायऱ्यांशी जोडली गेली, असे होत नाही. आणि जोडणी दाखविणे हेच तर नकाशाचे प्रयोजन. रुग्णाची हकीकत घेण्याच्या प्रत्येक क्षमतेपुढे तिची भाषा नोंदली जावी आणि परीक्षाही त्याच भाषेत व्हावी. तसे न झाल्यास घोषित व आत्मसात अभ्यासक्रमांतील अंतर नकाशावर दिसणार नाही. त्याची झळ मात्र रुग्णालाच सोसावी लागेल.