चंद्रलोकाची प्रसन्न मिरवणूक

इसाओ ताकाहाता यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (2013) हा अ‍ॅनिमेशनपट ज्या ‘ताकेतोरी मोनोगातारी’वर बेतला आहे, ती जपानी गद्यातील सर्वांत जुनी उपलब्ध कथा मानली जाते. बांबूत सापडलेली मुलगी, तिला मागणी घालणारे पाच सरदार आणि अखेर तिला न्यायला आलेले चंद्रलोकवासी, हा सांगाडा चित्रपटाने राखला आहे. एका अपराधाबद्दल तिला पृथ्वीवर धाडले, असे मूळ कथा म्हणते; तो अपराध कोणता, हे मात्र सांगत नाही. माझ्या मते ताकाहातांनी ही रिकामी जागा एका गाण्याने भरली.

हे बालगीत त्यांनी स्वतः स्वरबद्ध केले. खेड्यातली मुले ते गातात, तेव्हा कागुयाला त्याचा निराळ्या चालीचा पुढचा भाग आपोआप आठवतो आणि तिचे डोळे भरून येतात. पुढे उलगडा होतो : पृथ्वीवरून परतलेली एक स्त्री चंद्रावर हेच गात रडली होती. ते ऐकून कागुयाला पृथ्वीची ओढ लागली; तोच तिचा अपराध.

जो हिसाइशी यांनी शेवटच्या मिरवणुकीला दिलेले संगीत नाचरे, प्रसन्न आहे. ताटातुटीला करुण स्वर लावणे सोपे होते. पण ज्यांना दुःखच ठाऊक नाही, त्यांच्या वाद्यांत ते कुठून येणार? म्हणूनच त्या आनंदाची भीती वाटते. मूळ कथा पुढे सम्राट आणि फुजी पर्वताकडे वळते. चित्रपट तिकडे जात नाही. विस्मरणाचे वस्त्र पांघरलेली कागुया मागे वळून पृथ्वीकडे पाहते. तिच्या डोळ्यांत पाणी असते.