‘संस्कार’: प्रेत कोणी उचलावे?

चित्रपट जीवनाचा आरसा होय, असे आपण सहज म्हणतो. परंतु आरशापुढे उभे राहूनही ‘हा चेहरा शेजाऱ्याचा’ असे म्हणण्याची सोय राखून ठेवतो. पट्टाभिराम रेड्डी यांचा ‘संस्कार’ (१९७०) हा कन्नड चित्रपट प्रस्तुत लेखकाने प्रथम याच सोयीने पाहिला. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत कन्नड ही शेजाराची भाषा असल्याने भाषेचा अडसर नव्हता. प्राणेशाचार्यांच्या भूमिकेतील गिरीश कार्नाड तर धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी. पण अग्रहार माध्व ब्राह्मणांचा. आपण ख्रिस्ती मंडळींनी त्यात स्वतःला कशाला शोधावे?

अनंतमूर्तींच्या १९६५ च्या कादंबरीवरील ही कथा एका प्रेताभोवती फिरते. आचारभ्रष्ट नारणप्पा प्लेगने मरतो. मुसलमान होण्याची धमकी त्याने दिलेली असल्यामुळे त्याला जातीबाहेर घालण्याचे धैर्य कोणी केलेले नसते. तेव्हा तो ब्राह्मणच, आणि अग्नी ब्राह्मणानेच द्यावयाचा. पण देणार कोण? त्याच्यासोबत राहणारी चंद्री आपले दागिने पुढे ठेवते, आणि नकार देणाऱ्यांतच चढाओढ लागते. आचार्य ग्रंथ चाळतात, मारुतीच्या देवळात कौल मागतात. प्रेत पडूनच राहते.

जातिभावना दुखावतील या भीतीने सेन्सॉरने हा चित्रपट आधी अडविला होता. पुढे त्यालाच राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आरसा झाकण्याची इच्छा केवळ अग्रहारात नसते, एवढे यावरून दिसते.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील याजक अर्धमेल्या मनुष्याला पाहून दुसऱ्या बाजूने जातो. प्रेतस्पर्शाने याजकाला विटाळ होतो, हे लेवीय पुस्तकातले शास्त्र त्याला पाठ असावे. या दृष्टांतावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. तरीही एका मंडळीत, दारूपायी घर सोडलेल्या गृहस्थास दफनभूमीत जागा द्यावी की नाही, यावर वडीलजनांची चर्चा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललेली मी पाहिली आहे. मीही तेथेच बसलो होतो. घटनेची कलमे वाचली गेली, वर्गणीची थकबाकीही निघाली. ‘संस्कार’ पुन्हा पाहताना त्या खोलीतील चेहरे मला ओळखू आले, आणि त्यांत माझाही होता.

चित्रपटाविषयी एक तक्रार मात्र उरते. आचार्यांच्या अंतर्द्वंद्वाचे त्याला इतके आकर्षण आहे की जिने प्रत्यक्ष कृती केली, ती दुय्यम ठरते. कादंबरीत चंद्री एका मुसलमानाच्या साह्याने रात्री गुपचूप दहन उरकते आणि गाव सोडते. धर्मनिर्णयाची प्रतीक्षा चालू असताना धर्मकृत्य होऊन गेलेले असते, आणि निर्णय करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. कथेतील हा सर्वांत मर्मभेदी क्षण. पण आपले लक्ष आचार्यांच्या मुद्रेवरच खिळवून ठेवलेले असते. अर्थात हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा म्हणता येणार नाही. त्या संध्याकाळी आमची चर्चा संपण्यापूर्वीच दोघा मजुरांनी खड्डा खणून ठेवला होता. सभेत कोण काय बोलले, ते मला आजही सांगता येईल. त्या दोघांची नावे मात्र मी तेव्हाही विचारली नव्हती.