दैनंदिन बोलण्यातील उच्चारभेद आणि व्याकरणाचे सिद्धान्त : हैदराबादी दखनीच्या संदर्भात

'शीन-क़ाफ़ दुरुस्त असणे' हा उर्दूतील वाक्प्रचार शुद्ध उच्चाराचा निकष मानला जातो. या निकषावर हैदराबादचा माणूस हमखास नापास ठरतो, कारण तो 'क़लम'ला 'ख़लम' आणि 'क़ाज़ी'ला 'ख़ाज़ी' म्हणतो. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत हा उच्चार अज्ञानाचा पुरावा समजला जातो. हा दोष खरोखर व्याकरणाचा आहे काय, आणि आधुनिक व्याकरण-सिद्धान्त अशा उच्चारभेदांचा उलगडा कितपत करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उच्चारभेदांचे स्वरूप

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हैदराबादी बोलणारा प्रत्येक 'क'चा 'ख़' करीत नाही. 'कल', 'काम', 'कान' हे शब्द तो तसेच उच्चारतो. पडजिभेजवळून निघणाऱ्या 'क़'चाच तेवढा 'ख़' होतो. याचा अर्थ 'क' आणि 'क़' यांतील भेद त्याच्या बोलण्यात शाबूत आहे. मराठी भाषक 'कलम' म्हणतो तेव्हा 'क़' साध्या 'क'मध्ये मिसळून जातो. हैदराबादेत तोच 'ख़'मध्ये मिसळतो. म्हणून येथे 'क़सम' (शपथ) आणि 'ख़सम' (नवरा) सारखेच ऐकू येतात व त्यावर विनोद होतात. दोघांनीही एकेक भेद गमावला आहे. कोणता, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू पाहू. उर्दू लिपीत 'ज़'साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. अरबीत त्यांचे उच्चार निरनिराळे आहेत. पण दिल्ली-लखनौच्या शिष्ट उर्दूतही ती चारही एकाच 'ज़'ने उच्चारली जातात. तेथे चार ध्वनींचा एक झाला, तरी कोणी त्याला अशुद्ध म्हणत नाही. हैदराबादेत दोहोंचा एक झाला, तर मात्र तो दोष ठरतो. शुद्धाशुद्धतेचा हा निवाडा व्याकरणाने केलेला नसून प्रतिष्ठेने केलेला आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरे उदाहरण 'ह'काराच्या लोपाचे आहे. दखनीत 'नहीं'चे 'नै', 'कहाँ'चे 'काँ', 'पहले'चे 'पैले' होते. मराठी बोलींतही 'नाही'चे 'नाय', 'पाहिजे'चे 'पायजे', 'पाहुणा'चे 'पावणा' होते. परंतु 'हम' किंवा 'हात' यांतील आरंभीचा 'ह' अशा रीतीने जात नाही. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'ह'च गळतो. ज्याला आपण गावंढळ बोलणे म्हणतो, ते इतके काटेकोर नियमाने चालते.

तिसरे उदाहरण निश्चयार्थक 'च'चे आहे. दखनीने तो मराठीतून घेतला. पण मराठीत 'तूच' म्हणताना येणारा दंततालव्य 'च' उर्दूच्या ध्वनिव्यवस्थेत नाही. म्हणून दखनीत तो तालव्य झाला आणि 'इधरइच', 'येइच' अशी रूपे घडली. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होते. परंतु दखनी-मराठीचा हा शेजार त्याहून कितीतरी शतके जुना आहे.

सिद्धान्तांची तपासणी

नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये व्याकरणाचा विषय म्हणून एकजिनसी भाषिक समाजातील आदर्श भाषक कल्पिला. विवेचनाच्या सोयीसाठी हे गृहीतक उपयुक्त असेल. पण ज्या शहरात एकाच गल्लीत उर्दू, तेलुगू आणि मराठी कानावर पडतात, तेथे असा समाज शोधायचा कोठे? या चौकटीत 'नै' आणि 'नहीं' ही दोन्ही रूपे बोलणाऱ्या एका माणसाचे व्याकरण सांगणे अवघड होते.

विल्यम लॅबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या बोलण्याचा १९६६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आणि पुढे १९६९ मध्ये मांडलेली परिवर्ती नियमाची कल्पना यांनी ही उणीव बरीच भरून काढली. माणूस जपून बोलू लागला की प्रतिष्ठित उच्चाराकडे वळतो, हे त्यांनी दाखविले. हैदराबादेत हे अर्धेच लागू पडते. येथील सुशिक्षित वक्ता व्यासपीठावर 'नै' सोडून 'नहीं' म्हणतो, पण त्याच भाषणात 'ख़लम' बहुधा तसाच राहतो. म्हणजे सर्व उच्चारभेद प्रतिष्ठेच्या एकाच शिडीवर मांडता येत नाहीत. काहींबाबत शहराचा स्वतःचा मानदंड दिल्ली-लखनौच्या मानदंडासमोर टिकून आहे.

अॅलन प्रिन्स व पॉल स्मोलेन्स्की यांच्या १९९३ च्या इष्टतमता-सिद्धान्तानुसार व्याकरण म्हणजे परस्परविरोधी निर्बंधांची उतरंड होय. 'मूळ ध्वनी राखा' आणि 'स्वरांमध्ये ह नको' या दोन निर्बंधांचा क्रम पक्का नसेल, तर एकाच व्याकरणातून दोन्ही रूपे निघू शकतात. रूपे कोणती संभवतात हे यातून कळते. आईजवळ 'नाय' म्हणणारी मुलगी शिक्षकांसमोर 'नाही' का म्हणते, हे मात्र कळत नाही.

विकल्पाला नियमांत स्थान देणे ही काही आजची कल्पना नाही. पाणिनीच्या सूत्रांत 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे विकल्पवाचक शब्द येतात. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी मात्र १९७९ मध्ये त्यांत पसंतीचा, नापसंतीचा आणि समान दर्जाचा विकल्प असा भेद असल्याचे प्रतिपादन केले. हे मत सर्वमान्य नसले, तरी व्याकरणकाराने रूपांबरोबर त्यांचा कलही नोंदवावा, ही अपेक्षा रास्त आहे.

निष्कर्ष

उच्चार कोठे बदलू शकतो, हे व्याकरण ठरविते. तो केव्हा बदलावा, हे समाज ठरवितो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की विद्यार्थ्याच्या बोलीला अज्ञान म्हटले जाते आणि तो वर्गात तोंड उघडेनासा होतो. अध्यापनाच्या दृष्टीने खरी अडचण लेखनाची आहे. 'क़ाफ़' आणि 'ख़े' कानाला एकच वाटत असल्याने हैदराबादच्या मुलांची वर्णलेखनात चूक होते. त्यासाठी अशा शब्दांच्या जोड्या श्रुतलेखनातून घोटून घ्याव्यात. तोंडी परीक्षेत मात्र 'ख़लम' म्हणणाऱ्याचे गुण कापू नयेत. तो त्याच्या बोलीच्या नियमाप्रमाणेच बोलत असतो.