खिडकीआडचा सर्व्हर

पीजीॲडमिनच्या चिन्हावर डबल-क्लिक केलं की आधी एक छोटी पाटी झळकते, काही सेकंदांनी खिडकी उघडते. रोज वापरणारे तेवढ्यात चहाचा घोट घेतात. रसिकाने मात्र तिथेच डोळे उघडे ठेवावेत, कारण खरी कलाकुसर त्या सेकंदांतच उरकलेली असते.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा कारभार माउसने हाकता यावा यासाठीचा हा प्रोग्रॅम. डेव्ह पेज यांनी 1998 साली त्याची सुरुवात केली. आजच्या चौथ्या अवतारात एंटरप्राइझडीबी कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरांचा हात मोठा आहे. तिसरा अवतार सी प्लस प्लसमध्ये बांधलेला अस्सल डेस्कटॉपवाला होता. 2016 साली पोस्टग्रेस 9.6 बरोबर आलेला चौथा मुळात वेबसाइट आहे: मागे पायथॉन आणि फ्लास्क, पुढे जावास्क्रिप्ट. म्हणजे वेब शिकलेल्या मंडळींनी डेस्कटॉपवर संसार थाटला. असे संसार आता पुष्कळ दिसतात, व्हीएस कोड आहे, स्लॅक आहे. पण इथे वेब आणि डेस्कटॉपमधला सांधा उघडा ठेवलेला आहे आणि तो फार सफाईने घातलेला आहे.

पाटी दिसत असताना काय चालतं ते पाहा. इलेक्ट्रॉनचं कवच, म्हणजे वेबपान दाखवणारी डेस्कटॉपची खिडकी, आधी तुमच्या यंत्रावरचा एखादा मोकळा पोर्ट हुडकतं. मग एक यूयूआयडी बनवतं, म्हणजे अंदाजाने सापडणार नाही अशी लांबलचक किल्ली. पोर्टचा आकडा आणि किल्ली पायथॉनच्या हाती देऊन त्याला पडद्यामागे सुरू करतं. हा सर्व्हर 127.0.0.1 वरच कान देऊन बसतो. बाहेरच्या यंत्राला तो दिसतही नाही. कवच अधूनमधून पिंग करून ‘उठलास का’ विचारत राहतं, होकार आला की किल्ली जोडलेला पत्ता खिडकीत उघडतं. नवखा म्हणेल, घरातल्या घरात कुलूप कशाला? कारण त्याच यंत्रावर दुसरा कुणी लॉग-इन असू शकतो, दुसरा एखादा प्रोग्रॅम पोर्ट ठोठावू शकतो, आणि आत तर तुमच्या डेटाबेसच्या चाव्या आहेत. किल्ली दर वेळी नवी. ही सावधगिरी वापरणाऱ्याला कधी जाणवतही नाही, हेच तिचं सौंदर्य.

आणि सर्व्हर उठलाच नाही तर? ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहायची (ती मुदतही बदलता येते), मग त्याचा लॉग वापरणाऱ्यासमोर ठेवायचा, पोर्ट ठरावीक करून पाहायची सोय द्यायची. मुकाट मरणारे प्रोग्रॅम ज्यांनी सोसलेत त्यांनाच या सभ्यपणाची किंमत कळेल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते एफ-फाइव्ह. ब्राउझरमध्ये या कळीचा अर्थ एकच, पान ताजं करणं. पण तिसऱ्या अवतारापासून पीजीॲडमिनवाल्यांची बोटं एफ-फाइव्हवर क्वेरी चालवतात. बोटांच्या सवयीशी वाद घालायचा नाही, हे इथे कुणीतरी जाणून ठरवलंय. पान ती कळ मध्येच झेलतं, ब्राउझरचा नेहमीचा अर्थ रद्द करतं आणि क्वेरी पुढे पाठवतं. झेलण्यात एका ओळीची चूक झाली असती, तर अर्धी लिहिलेली क्वेरी पानासकट गेली असती.

निकालाच्या तक्त्यात असाच संयम आहे. टेबल दहा लाख ओळींचं असलं तरी पडद्याकडे एका वेळी हजारच ओळी येतात. पूर्वी खाली सरकलं की पुढच्या हजार येत, आता पानं पाडली आहेत, माप तेच. त्याहून सुरेख जागा नकाशाची. पोस्टग्रेसमध्ये भौगोलिक जागा साठवणाऱ्या पोस्टजीआयएसच्या स्तंभात, समजा, मुठेवरच्या पुलांच्या जागा भरल्यात. स्तंभाच्या शीर्षकातलं बटण दाबलं की लीफलेट ही वेबवरची नकाशाची लायब्ररी ते बिंदू दाखवते. पण खाली रस्त्यांचा नकाशा केव्हा? एसआरआयडी 4326, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश असतील तेव्हाच. दुसरी कुठली मापनपद्धत असेल तर आकार कोऱ्या पृष्ठभागावर उमटतात. लकडी पूल चुकून भलत्या समुद्रात दाखवण्यापेक्षा नकाशा तिथे गप्प बसतो. इतकं तारतम्य मोठमोठ्या नकाशावाल्यांतही सहसा दिसत नाही.

कवच मात्र धड एका जागी टिकलेलं नाही. आधी क्यूटीची खिडकी होती. 2018 साली चौथ्या अवताराच्याच 3.0 या आवृत्तीत ती काढून कोपऱ्यात नुसतं चिन्ह ठेवलं आणि पान तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडू लागलं, लोक कुरकुरले. 2021 ला एनडब्ल्यू जेएस, आणि आता इलेक्ट्रॉन. एवढं होऊनही आतला संसार जागचा हलला नाही. कोडच्या साठ्यात ‘वेब’ नावाचं फोल्डर म्हणजे चौसोपी वाडा, आणि ‘रनटाइम’ म्हणजे त्याची दिंडी. दिंडी वारंवार बदलली, वाडा तोच. वर हाच कोड एक सेटिंग बदललं की कंपनीच्या सर्व्हरवर लॉग-इनसह चालतो, डेस्कटॉपवर लॉग-इनचं पान गायब होतं. कुठली गोष्ट कशावर अवलंबून ठेवायची नाही, हे सुरुवातीलाच ओळखलेलं होतं.

वजनाची तक्रार खरी आहे. इलेक्ट्रॉनच्या पोटातला अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि वर पायथॉन पाठीवर घेऊन फिरणारा प्रोग्रॅम चपळ कसा असेल? तिसऱ्या अवताराचे जुने चाहते आजही उसासे टाकतात, आणि सुरुवातीच्या त्या सेकंदांपुरते ते बरोबरच आहेत. तरी मी चौथ्याच्या बाजूने. तिसऱ्याचं सी प्लस प्लस सांभाळायला माणसं मिळेनात. वेब जाणणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत.

कोड पोस्टग्रेसच्या परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. वेब येतं पण डेस्कटॉपला बिचकता, असं असेल तर ‘वेब’ फोल्डरात एकदम शिरू नका. आधी ‘रनटाइम’ उघडा, ते एका दुपारी वाचून होतं.