वाटचाल आणि मुक्काम

कांहीं लेखांचें दैव असें असतें कीं, त्यांतील एक वाक्य प्रसिद्धीस येतें आणि बाकीचा लेख त्याच्या आड जातो. इरावतीबाई कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखाचें असेंच झालें आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पायीं पंढरपुरास जाऊन त्यांनीं तो लिहिला, आणि १९४९ सालीं निघालेल्या 'परिपूर्ति' या संग्रहांत तो आला. महाराष्ट्र कोणता हें नकाशावरून न ठरवितां पंढरीस जाणाऱ्या माणसांवरून ठरवावें, अशा आशयाची एक व्याख्या त्या लेखांत आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन होण्यापूर्वीं अकरा वर्षें छापलेली ही व्याख्या व्याख्यानांतून व अग्रलेखांतून आपण अनेकदां ऐकली आहे. ती सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु आमच्या मतें त्या लेखाचें मर्म तिच्यांत नाहीं. तें एका मुलीनें काढलेल्या शंकेंत आहे, आणि नेमकी तीच वाचकांच्या स्मरणांतून गळून गेली आहे.

प्रसंग साधा आहे. बाई ज्या दिंडीबरोबर चालल्या होत्या तींत ब्राह्मणही होते आणि मराठेही होते. चालणें एक, भजन एक, टाळांचा ठेका एक; पण चुली दोन आणि पंगतीही दोन. सर्व माणसें स्वच्छ, स्नान करून जेवणारीं, मग हा दुरावा कशासाठीं, हा विचार बाईंच्या मनास रोज टोंचत असे. शेवटीं त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या. त्या जेवणानंतर त्या बायका त्यांचा हात धरून चालूं लागल्या, घरचीं सुखदुःखें सांगूं लागल्या, त्यांना बहीण मानूं लागल्या. पुण्यास आलों म्हणजे तुमच्या घरीं येऊं, असेंही कोणी म्हणालें. तेव्हां, तेथें गेल्यावर बाईंचें हें वागणें टिकेल ना, अशी शंका एका तरुण मुलीनें बोलून दाखविली.

मुलीची शंका बाईंच्या भक्तीविषयीं नव्हती. ती त्यांच्या घराविषयीं होती. वाटेवर भेटलेला माणूस पाहुणा असतो, आणि पाहुण्याशीं बरोबरीनें वागणें फारसें कठीण नसतें, कारण तो उद्यां जाणार असतो. खरी कसोटी शेजाऱ्याची. तो परवांही असतो आणि पुढच्या वर्षींही असतो.

ज्यास हें पडताळून पाहावयाचें असेल त्यानें वारी दिंडींतून न पाहतां मुक्कामाच्या गांवांतून पाहावी. माळशिरस तालुक्यांतील नातेपुते हें असें एक गांव. बरडचा मुक्काम हलला म्हणजे पालखी धर्मपुरीपाशीं सोलापूर जिल्ह्यांत शिरते आणि रात्रीं नातेपुत्यास उतरते. दुसऱ्या दिवशीं सदाशिवनगर-पुरंदावड्याजवळ गोल रिंगण होऊन ती माळशिरसकडे जाते. गांवाच्या वांट्यास येते ती एक रात्र. त्या रात्रीं अशा गांवांत ओसरीवर कोण निजला, भाकरी-पिठलें कोणाच्या हातांत गेलें, पाण्याचा तांब्या कोणाच्या ओठांस लागला, याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. सर्वांना एकच नांव असतें, 'माउली'. हें दृश्य खोटें आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. दिवसभर चालून आलेल्या माणसास वाढतांना गृहिणीच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो दाखविण्यासाठीं आणलेला नसतो.

परंतु पालखी हलली म्हणजे 'माउली' हा शब्दही तिच्याबरोबर पुढें जातो, आणि मागें आडनांवें राहतात. ही गोष्ट एकट्या नातेपुत्याची नव्हे. ती गांवोगांवची आहे, आणि शहरांतील आपल्या बिऱ्हाडांचीही आहे. भाडेकरूनें आडनांव सांगितलें तरी 'मूळचे कुठले?' हा प्रश्न येतोच, आणि त्याचा रोख गांवावर नसतो. कामास येणाऱ्या बाईचा चहाचा कप अजूनही कित्येक घरांत निराळ्या कोनाड्यांत असतो. २०२० च्या डिसेंबरांत महाराष्ट्र शासनानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय केला. तो योग्यच झाला. पण पाटी बदलली म्हणून वस्ती गांवाच्या कडेवरून मध्यें येत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां 'वाटचाल' आम्हांस दोन ठिकाणीं तोकडा वाटतो. मुलीच्या शंकेनें बाई व्याकुळ होतात आणि हजारों वर्षांच्या शेजारानंतरही उरलेल्या परकेपणाकडे बोट दाखवितात. पण हजारों वर्षें म्हटलें म्हणजे दोष कोणाचाच राहत नाहीं. हा परकेपणा जुना असेल. तरी तो रोज सकाळीं नव्यानें मांडला जातो, तेव्हांच टिकतो. दुसरें असें कीं, लेखाच्या केंद्रस्थानीं दोनच चुली आहेत. त्याच वारींत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या दिंड्या पालखीच्या घोड्यांपुढें, इतरांहून वेगळ्या चालत असत. आणि ज्या देवळापाशीं ही वाट संपते त्याचें दार सर्वांस उघडावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरांत उपोषण करावें लागलें, तें हा संग्रह निघण्यापूर्वीं अवघीं दोन वर्षें.

कोणी म्हणेल कीं, ललित लेखाकडून इतकें मागणें हा अन्याय आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या लेखकाकडून कांहींच मिळत नाहीं त्याच्याकडे कोणी अधिक मागत नाहीं. बाईंनीं ती शंका लपविली नाहीं, तिला खोटें उत्तर देऊन स्वतःचें समाधान करून घेतलें नाहीं, आणि आपण त्या बायकांस जिंकलें अशी बढाईही मारली नाहीं. वारीवर लिहितांना समतेचा जयघोष करणें सोपें असतें. आपणांवरच आलेली शंका छापून ठेवण्यास धैर्य लागतें. तें या लेखांत आहे, म्हणून तो आजही वाचावासा वाटतो.

आमचें मागणें इतकेंच कीं, व्याख्या पाठ करणाऱ्यांनीं ती शंकाही पाठ करावी. पालखी नातेपुत्यास एक रात्र राहते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आपण काय करतों, हें त्या मुलीस विचारावयाचें होतें.