बघणारा मुलगा: ख्रिस्ती ब्राऊन यांची कादंबरी

ख्रिस्ती ब्राऊन म्हटलं की आपल्याला डावा पाय आठवतो. १९३२ साली डब्लिनमधल्या एका गवंड्याच्या घरी जन्मलेले, सेरेब्रल पाल्सी असलेले ब्राऊन डाव्या पायाने लिहायचे. १९५४ चं ‘माय लेफ्ट फूट’ हे आत्मकथन, १९८९ चा त्यावरचा चित्रपट, डॅनियल डे-लुईसचं ऑस्कर. आपली ओळख बहुधा इथेच थांबते.

पण मंडळी, कादंबरीकार ब्राऊन भेटतात ते १९७० च्या ‘डाउन ऑल द डेज’मध्ये. आत्मकथनाच्या केंद्रस्थानी ‘मी’ होता. इथे त्या अपंग मुलाला नावसुद्धा नाही. भाऊ त्याला गाड्यात बसवून ओढत नेतात आणि तो बघत राहतो: बापाचा मार, आईची बाळंतपणं, गल्लीतलं दारिद्र्य. एरवी आपण त्याच्याकडे बघतो. इथे त्याच्या नजरेने बघायला लागतो. माझ्या मते, हीच या कादंबरीची खरी कमाई.

तिची भाषा कधी कधी फुलोऱ्याने जड होते, विशेषणांची रांगच लागते, हे मान्य करायला हवं. पण तो लेखकाचा दोष आहे, लेखक म्हणूनच दाखवायला हवा. ‘पायाने लिहिलंय ना, मग चालेल’ अशी सूट देणं म्हणजे कादंबरी न वाचताच मिटून ठेवणं.