‘समाजविघातक वर्तन’ : एका विधिसंज्ञेचे अर्थपरीक्षण

कायद्याची भाषा कृतीला नाव देते, अशी एक समजूत रूढ आहे. चोरी, मारहाण, अतिक्रमण ही नावे उच्चारताच कर्त्याने काय केले याचा बोध होतो. इंग्लंडमधील स्थानिक परिषदांना सार्वजनिक मद्यपान व तदनुषंगिक उपद्रव यांच्या नियंत्रणार्थ जे अधिकार लाभले, त्यांच्या शब्दरचनेत मात्र ही समजूत टिकत नाही. तेथे नाव कृतीला नसून परिणामाला आहे. आणि तो परिणाम कोणाच्या मनावर व्हावयाचा, हा प्रश्न बहुतांशी मोकळा सोडलेला आहे.

या स्थित्यंतराचा उगम १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात सापडतो. उपद्रव, भय अथवा मनस्ताप हे त्रिकूट तेथे आले, परंतु ते धमकीवजा, शिवराळ, अपमानकारक वा बेशिस्त वर्तनाला जोडलेले होते. १९९८ च्या गुन्हे व अव्यवस्था कायद्याने हे त्रिकूट उचलले आणि आधीची विशेषणे गाळली. एकाच घरात न राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला यांपैकी काही होईल वा होण्याचा संभव असेल, असे कोणतेही वर्तन ‘समाजविघातक’ ठरले. २०१४ च्या कायद्याने सार्वजनिक स्थळ संरक्षण आदेशाची योजना केली, तेव्हा व्यक्तीही पार्श्वभूमीला गेली. ‘त्या परिसरातील लोकांच्या जीवनमानावर होणारा प्रतिकूल परिणाम’ हा निकष आला. तो परिणाम सातत्याचा, अवाजवी व निर्बंधास पात्र असावा एवढी अट आहे खरी. पण अवाजवी कशास म्हणावे, हे प्रथमतः परिषदच ठरविते. आदेश एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, आणि मुदतवाढ मिळू शकते.

मद्यपानाविषयीचे कलम भाषाभ्यासकाने सावकाश वाचण्याजोगे आहे. आदेशाच्या क्षेत्रात बाकावर बसून मद्य पिणे हा स्वतः गुन्हा नव्हेच. पोलिसाने, किंवा परिषदेने अधिकृत केलेल्या इसमाने, ‘पिणे थांबवा’ अथवा ‘बाटली द्या’ असे सांगावे आणि वाजवी सबबीविना ते ऐकले जाऊ नये, तेव्हा गुन्हा घडतो. अशी अवज्ञा हा गुन्हा आहे, हेही सांगणाऱ्याने त्याच वेळी सांगावयाचे असते. आणि परिषदेच्या इसमाने, मागितल्यास, आपला अधिकारपुरावा दाखविला नाही, तर ती आज्ञाच निष्फळ होते. जे. एल्. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व १९६२ मध्ये ग्रंथरूप पावलेली व्याख्याने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना याहून नेटके उदाहरण मिळणे कठीण. उच्चार होण्यापूर्वी गुन्हा नाही. यथाविधि उच्चार झाला की गुन्ह्याची शक्यता निर्माण होते. ‘प्राशन करण्याचा इरादा’ दिसला, तरी ही आज्ञा देता येते. न उघडलेल्या डब्यावरून इरादा कसा वाचावा, याचे व्याकरण मात्र कोठे लिहिलेले नाही. (रस्त्यावर लागणाऱ्या ‘मद्यमुक्त क्षेत्र’ अशा अर्थाच्या पाट्या कायद्यात नसलेली सरसकट बंदी सांगतात. सामान्य नागरिक कलम वाचीत नाही, पाटी वाचतो.)

हा स्वेच्छाधिकार निष्प्रयोजन आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वृद्धेला सायंकाळी घराजवळच्या उद्यानातून जाण्याचे भय वाटते, तिचे भय शब्दच्छलाने नाहीसे होत नाही; आणि सरसकट बंदीपेक्षा सौम्य सूचनेची पायरी पोलिसाला सोयीची असते. दोष आहे तो निवडीत. परवानाधारक जागेला मद्यपानबंदी लागू नसते. तेव्हा पदपथावरील परवाना असलेल्या मेजाशी पेला घेऊन बसलेला आणि दहा पावलांवरच्या बाकावर डबा घेऊन बसलेला, यांची कृती एक असून संज्ञा दोन होतात. दुसऱ्याला ‘रस्त्यावर पिणारा’ हे कर्तृवाचक नाम चिकटते, पहिल्याला ‘ग्राहक’ म्हणतात.

‘परिसरातील लोक’ या पदाचाही निवाडा न्यायालयास करावा लागला. ईलिंग येथील गर्भपात केंद्राभोवती २०१८ मध्ये काढलेल्या आदेशाच्या प्रकरणी २०१९ साली अपील न्यायालयाने ठरविले की, केंद्रात क्वचितच येणाऱ्या स्त्रियाही या पदात समाविष्ट होऊ शकतात. अर्थविस्तार त्या ठिकाणी न्याय्य होता. परंतु तेच पद मद्यपानाच्या आदेशातही आहे, आणि तेथे मात्र बाकावर बसणाऱ्यास परिसरातील लोकांपैकी एक मानण्याऐवजी केवळ उपद्रवाचा कारक मानण्याकडे वाचकाचा कल असतो.

मराठीत ‘समाजविघातक’ हा पर्याय वृत्तपत्रांनी रूढ केला. मूळ शब्दातील विरोधाचा भाव येथे विघाताला जाऊन पोहोचतो. रात्री मोठ्याने गाणाऱ्यास समाजाचा विघातक म्हणणे अतिरेकाचे आहे. ‘उपद्रव’ हा जुना शब्द महापालिकांच्या मराठीत जिवंत आहे. नागपूरच्या ‘उपद्रव शोध पथका’त तो आहेच. तोच येथे अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्याकडील १९४९ च्या दारूबंदी कायद्याची वृत्ती कितीतरी अधिक कठोर. तथापि सार्वजनिक ठिकाणी नशेत बेशिस्त वागणे, अशी कृती त्यात निदान नावाने येते. आणि दारूचे दुकान बंद करण्याचा प्रश्न मतदानाला लागला की ‘उभी बाटली’ व ‘आडवी बाटली’ ही चिन्हे निरक्षर स्त्रीलाही संदेह ठेवीत नाहीत. इंग्लंडमधील आदेशापूर्वी पोलीस व स्थानिक प्रतिनिधी यांच्याशी विचारविनिमय बंधनकारक आहे, मतदान नाही.

आदेशास आव्हान देण्यासाठी ६ आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात जावे लागते, आणि हा अधिकार त्या क्षेत्रात ‘राहणाऱ्या’, अथवा तेथे नियमित काम करणाऱ्या वा येणाऱ्या व्यक्तीस आहे. केवळ बेघर असल्यावरून कोणास लक्ष्य करू नये, अशी सूचना गृहखात्याने डिसेंबर २०१७ मध्ये मार्गदर्शिकेत घातली. पण जो मनुष्य त्याच उद्यानातील बाकावर रात्र काढतो, तो त्या क्षेत्रात ‘राहतो’ की नुसता नियमित येतो, यासंबंधी कायद्याची संहिता काही सांगत नाही.